पुण्या-मुंबईत बेताच्या पैशांत वेगवेगळे जेवण कसे शोधावे

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसांची कारणे साधारण ठरलेली असतात. मुलामुलींचे शिक्षण किंवा स्पर्धा परीक्षा, घरातल्या कोणाचे ऑपरेशन, मंत्रालयात अडकलेली फाइल, नाहीतर नवी नोकरी. काम कोणतेही असले तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतील जेवणाचा प्रकार मात्र बहुतेकांचा एकच असतो. स्टँडसमोर किंवा स्टेशनसमोर जे पहिले हॉटेल दिसेल त्यात शिरायचे, लांबलचक मेनूकार्डावरून पनीरची एखादी भाजी आणि तंदुरी रोटी मागवायची, बिल पाहून दचकायचे आणि संध्याकाळी वडापाववर भागवायचे. यात पैसे जातात ते जातातच, शिवाय ज्या शहरात निम्म्या भारताच्या स्वयंपाकघरांतील चवी मिळू शकतात, तिथून माणूस जिल्ह्याच्या कोणत्याही हायवेवर मिळणारे पदार्थ खाऊन परत येतो.

हे टाळण्यासाठी फार माहिती लागत नाही, फक्त शोधण्याची दिशा बदलावी लागते. मोठ्या शहरातील स्वस्त आणि अस्सल जेवण कोणत्या ना कोणत्या ठरावीक गिऱ्हाइकासाठी शिजत असते. ते गिऱ्हाईक त्या शहरात कशासाठी आले, कोणत्या भागात राहिले आणि किती वाजता जेवते, एवढे समजले की खानावळ सापडायला वेळ लागत नाही. म्हणून आधी जेवणारे शोधावेत आणि मग हॉटेल, असा या लेखातील सल्ल्याचा क्रम आहे.

पहिला सराव मिरजेत

ही नजर गाव सोडण्यापूर्वीच तयार करता येते, आणि त्यासाठी मिरजेइतके सोयीचे ठिकाण आपल्या भागात दुसरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून मिरज दवाखान्यांसाठी ओळखली जाते. शिवाय पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही बाजूंचे लोहमार्ग इथे एकत्र येतात. त्यामुळे अथणी, रायबाग, चिकोडी, विजापूर या भागांतून रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक रोज उतरतात. या लोकांच्या खिशाला झेपेल आणि पोटाला सोसेल असे जेवण मिळायचे तर ते दवाखाने आणि स्टेशन यांच्या चालत जाण्याच्या अंतरातच मिळणार, हे ओळखायला कोणत्याही ॲपची गरज नाही.

अशा कानडी वळणाच्या खानावळीत बसल्यावर ताटाकडे जरा लक्ष देऊन पाहावे. ज्वारीची रोट्टी आपल्या भाकरीपेक्षा पातळ असते आणि ती मऊ हवी की कडक, हे बहुधा विचारले जाते. कडक रोट्टी भाजून वाळवलेली असते आणि ती मोडून रश्शात बुडवून खायची असते. तिच्यासोबत शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या कुटात शिजलेली भरली वांगी, एखाद्या कडधान्याची उसळ, घट्ट दह्याखाली दडलेली शेंगाचटणी आणि बाजूला कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी. शेंगाचटणी आपल्याही घरात असते, पण मेथीची पाने कच्चीच भाकरीसोबत खायची सवय आपल्याकडे तितकी नाही, आणि चवीतला फरक त्या एवढ्याशा गोष्टीने पडतो. ताटाची किंमत शेजारच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’मधील एका भाजीच्या किमतीशी ताडून पाहावी, म्हणजे शोधण्याचे श्रम कशासाठी घ्यायचे हे कळेल.

सांगलीच्या मार्केट यार्डात याच हिशेबाची दुसरी बाजू दिसते. हळद, गूळ आणि बेदाण्याच्या सौद्यांसाठी आलेले शेतकरी, हमाल आणि गाडीवाले यांना वेळ थोडा आणि भूक मोठी असते. म्हणून घाऊक बाजाराजवळचे जेवण भरपूर, झटपट आणि तिखट असते, पण प्रकार मोजके असतात आणि दुपार कलली की भांडी रिकामी होतात. इस्लामपूर-कऱ्हाड पट्ट्यातील अख्खा मसूर आणि भाकरी हे जेवण याच वळणाचे आहे. एकच पदार्थ मोठ्या भांड्यात शिजवायचा आणि तोच दिवसभर खपवायचा, यात नासधूस होत नाही, म्हणून दर खाली ठेवता येतो. मुंबईतही हेच गणित चालते, तिथे फक्त माणसे अनेक प्रांतांची असतात.

मुंबई : वस्ती पाहून ताट ओळखावे

मुंबईत कोण कुठे राहिले, याचा इतिहास हाच जेवणाचा सर्वांत भरवशाचा नकाशा आहे. आपल्या लोकांपासूनच सुरुवात करायची तर लालबाग, परळ, वरळीच्या गिरण्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होते, आणि त्यांचे जेवण आसपासच्या खानावळवाल्या बायका आपल्या घरात शिजवत होत्या. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाची घडी विस्कटली आणि घरगुती खानावळीही आटत गेल्या, तरी लालबाग-परळ-दादर या पट्ट्यात मालवणी आणि घाटी वळणाचे जेवण देणारी छोटी ठिकाणे अजून आहेत. तिथे पैसे वाचवायचे असतील तर सुरमई आणि पापलेटाच्या ताटाकडे न वळता बांगडा, मांदेली किंवा बोंबील मागावा. रस्सा आणि सोलकढी तीच असते, किंमत मात्र बरीच खाली येते. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी मासळी महागते, त्या दिवसांत कोंबडी-वडे किंवा काळ्या वाटाण्याची आमटी बरी.

माटुंग्याची गोष्ट निराळी आहे. कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकरीला आलेल्या तमिळ, कानडी आणि मल्याळी माणसांची इथे वस्ती झाली आणि त्यांच्यामागून उडुपी खानावळी आल्या. माटुंगा मार्केटमधील रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथे केळीच्या पानावर वाढलेला भात, सांबार, रसम्, भाज्या आणि ताक असे पूर्ण जेवण मिळते. उडुपी ठिकाणी जाताना एक भेद लक्षात ठेवावा. इडली-डोशाची वेळ आणि जेवणाची वेळ तिथे वेगळी असते, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेत गेलेल्या माणसाला पैशाच्या मानाने सर्वांत जास्त मिळते. दुपारी तीन वाजता जाऊन डोसा आणि कॉफी घेतली तर पोट भरत नाही आणि खर्च मात्र जेवणाच्या जवळ जातो.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणाऱ्याने स्टेशनसमोरच्या चकचकीत दुकानात न शिरता बोरा बाजाराच्या बाजूला वळावे. तिथे पंचम पुरीवाला हे जुने ठिकाण आहे, आणि पुरीभाजीचा नाश्ता झाला की दुपारपर्यंत मंत्रालयाचे काम निभते. धोबी तलावाजवळ १९०४ पासूनचे कयानी अँड कंपनी हे इराणी हॉटेल आहे. इराण्याकडे बन मस्का, चहा, अंड्याचे प्रकार आणि खिमा पाव हा मुख्य माल असतो, त्यामुळे ती जागा सकाळच्या किंवा चार वाजताच्या भुकेसाठी ठीक आहे. इराण्याकडे पूर्ण जेवणाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची थोडी निराशा होते.

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनीही या शहराच्या ताटात भर घातली. शीव कोळीवाड्यात पंजाबी कुटुंबे वसली, चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगरमध्ये सिंधी. दाल पकवान हा सिंधी नाश्ता चेंबूरमध्ये सकाळी लवकर खावा. जाडसर कुरकुरीत पकवानावर चण्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा, एवढे खाल्ले की दुपारचे जेवण पुढे ढकलता येते. उशिरा गेल्यास पकवान मऊ पडलेले किंवा संपलेले असते. काळबादेवीच्या कापडबाजारात एकट्याने राहणाऱ्या गुजराती-मारवाडी नोकरदारांसाठी भोजनालये निघाली, आणि फ्रेंड्स युनियन जोशी क्लबसारखी काही अजून त्याच नावाने चालतात. तिथले ताट स्वस्त म्हणता येणार नाही, परंतु ते पोटभर असते. दिवसातले एकच मोठे जेवण करायचे ठरवले असेल तर ते तिथे करावे आणि रात्री फळांवर राहावे.

वाशी स्टेशनजवळ केरळ, आसाम, उत्तराखंड अशा अनेक राज्यांची भवने आहेत. त्यांतील कॅन्टीनमध्ये बाहेरच्या माणसाला जेवण मिळते का, हे गेटवर विचारून आत जावे. ईशान्येकडील जेवण चाखण्याचा याहून साधा आणि बेताचा मार्ग मुंबईत मिळणे अवघड आहे, आणि एपीएमसी मार्केटच्या कामासाठी गेलेल्या आपल्या व्यापाऱ्यांना तर तो रस्त्यातच पडतो.

पुणे

पुण्यात आपली मुले प्रामुख्याने सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतील अभ्यासिकांच्या आसपास राहतात, आणि तिथले अर्थकारण मेसवर चालते. मेसमध्ये महिन्याचे पैसे भरणाऱ्याला एका ताटाचा दर कमी पडतो. पण महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नयेत. बहुतेक मेसवाले एका वेळेचे गेस्ट ताट देतात. आधी अशी ताटे दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या वारी, आणि एकदा तरी रात्री उशिरा खाऊन पाहावीत. दुपारी बाराला जी आमटी दाट असते ती रात्री साडेनऊला कशी असते, यावरून मेस चालवणाऱ्याची नियत कळते. बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि संध्याकाळी बंद असतात. सुट्टी घेतल्यास पैसे वळते होतात की नाही आणि त्यासाठी सलग किती दिवस गैरहजर राहावे लागते, हे आधीच विचारून घ्यावे, कारण दिवाळी आणि परीक्षेच्या सुट्टीत यावरूनच वाद होतात.

महिनाभर एकाच मेसवर जेवून कंटाळा येणारच. तो घालवण्यासाठी रविवारची संध्याकाळ आणि आठवड्यातील आणखी एखादी वेळ मेसच्या हिशेबाबाहेर ठेवावी आणि त्या वेळी शहराचा दुसरा कोपरा गाठावा. रास्ता पेठेत जुनी तमिळ वस्ती आहे, खडकीत संरक्षण खात्याच्या कारखान्यांमुळे दक्षिणेकडील कुटुंबे आली, पिंपरी कॅम्पात सिंधी बाजारपेठ आहे. कोंढव्यात ‘मंदी’ नावाचे अरबी पद्धतीचे जेवण मिळते. मसाल्यात मुरवून शिजवलेले मटण किंवा कोंबडी मोठ्या परातीत सुगंधी भातावर ठेवून आणतात आणि तीन-चार जण भोवती बसून जेवतात. एकट्याने गेल्यास हे जेवण महाग पडते, चौघांत वाटले तर साध्या बिर्याणीइतकाच खर्च येतो. डेक्कनवर १९३५ पासूनचे गुडलक आहे, आणि पुणे स्टेशनकडील दवाखान्यांत कोणी दाखल असेल तर ससून रस्त्याच्या बाजूचे वोहुमन कॅफे सकाळच्या चहा-ऑम्लेटसाठी जवळ पडते.

कोणाला काय विचारावे

रस्त्यावर ‘इथे चांगले हॉटेल कुठे आहे?’ असे विचारले की समोरचा माणूस आपल्या कपड्यांकडे पाहून आपल्या ऐपतीचा अंदाज बांधतो आणि पाहुण्याला शोभेल असे महागडे नाव सांगतो. त्याऐवजी ‘तुम्ही दुपारी कुठे जेवता?’ असे विचारावे. हा प्रश्न बँकेच्या शिपायाला, दवाखान्यातील वॉर्डबॉयला, कुरिअरच्या पोराला, झेरॉक्सवाल्याला विचारावा. रिक्षावाल्याचे उत्तर बहुधा खरे असते, पण त्याची आवड तिखट आणि तेलकट जेवणाकडे झुकलेली असू शकते, हे रुग्णासोबत गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे. एखाद्या प्रांताचे जेवण हवे असेल तर त्या प्रांतातील माणूस गाठावा. केरळचे जेवण कुठे मिळते हे दवाखान्यातील मल्याळी नर्सबाईंना ठाऊक असते, आणि विचारल्यावर त्या आनंदाने सांगतात.

दूरच्या शहरांसाठी सांगली जिल्ह्याच्या माणसाकडे एक हुकमी सोय आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरलेले आहेत. हैदराबाद, चेन्नई, कोची, कोलकाता, दिल्ली, कुठेही गेले तरी सराफ बाजाराच्या एखाद्या गल्लीत आपल्या बोलीत बोलणारा माणूस भेटण्याची शक्यता दांडगी असते. त्याला तिथली परवडणारी आणि पोटाला न बाधणारी खानावळ माहीत असते, कारण नवखा असताना तोही तिथेच जेवलेला असतो.

नकाशाच्या ॲपवर शोधताना ‘रेस्टॉरंट’ हा शब्द टाकू नये. तमिळनाडू आणि केरळमध्ये ‘मेस’, हुबळी-धारवाडकडे ‘खानावळी’, बेंगळुरूत मांसाहारासाठी ‘मिलिटरी हॉटेल’, हिंदी प्रदेशात ‘भोजनालय’ आणि कोलकात्यात ‘पाइस होटेल’ असे शोधावे. अभिप्राय वाचताना तारे मोजण्यात अर्थ नाही, लोकांनी टाकलेले ताटाचे आणि दरफलकाचे फोटो पाहावेत आणि तेही गेल्या काही महिन्यांतले. ‘जागा अरुंद आहे, थांबावे लागते, दुसऱ्यांच्या टेबलावर बसवतात’ अशी तक्रार करून एखाद्याने दोन तारे दिले असतील, तर आपल्या दृष्टीने ती शिफारसच समजावी. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवरील दर मात्र पुष्कळदा हॉटेलातील दरापेक्षा चढे असतात, आणि त्यावर पॅकिंग आणि पोहोचवण्याचा खर्च लागतो. ॲपवर नाव पाहावे आणि पायी जाऊन जेवावे.

आत शिरण्यापूर्वी

दारात उभे राहून दोन मिनिटे पाहण्याची लाज बाळगू नये. पहिली गोष्ट मेनूकार्डाची लांबी. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि पावभाजी एकाच कार्डावर शंभर नावांनी दिसली की तिथे विविधता आहे असा समज होतो, वस्तुस्थिती बहुधा उलट असते. अशा स्वयंपाकघरात सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि हळद-कांद्याची पिवळी. लाल ग्रेव्हीत पनीर टाकले की एक नाव, मटार टाकले की दुसरे, दोन चमचे पांढरी मिसळून वर क्रीम सोडले की तिसरे आणि वीस-तीस रुपये जास्त. चार दिवस चार वेगळी नावे मागवूनही जिभेला एकच चव लागते ती यामुळे. याउलट ज्या ठिकाणी खडूने फळ्यावर आजच्या पाच-सहा पदार्थांची नावे लिहिलेली असतात आणि त्यांतील दोन खोडलेली असतात, तिथे माल ताजा असून खपतो आहे.

दुसरी गोष्ट गर्दी, पण ती कोणाची आहे हे पाहावे. पर्यटकांची गर्दी काही सांगत नाही. गणवेशातील माणसे, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले कारकून, डबा न आणलेले शिक्षक रोज तिथे दिसत असतील तर दर आणि दर्जा दोन्ही टिकून आहेत, कारण रोज येणारे गिऱ्हाईक एक दिवसही फसवून घेत नाही. तिसरी गोष्ट परत जाणारी ताटे. ताटात भात उरलेला दिसला तर फार काही बिघडत नाही, पण भाजी किंवा आमटी उरत असेल तर दुसरीकडे जावे. तळणीतील तेल काळे पडून फेस धरत असेल तर तिथे तळलेले खाऊ नये, फार तर भात-आमटी घ्यावी. अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा आकडी (एफएसएसएआय) क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. तो असला म्हणजे अन्न उत्तमच आहे असे नव्हे, पण तो नसणे ही शंकेची खूण आहे. रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी कापून ठेवलेली कोशिंबीर, पातळ केलेली चटणी आणि बर्फ एवढे टाळले तरी निम्मा धोका कमी होतो.

दराचा मापदंड

नव्या भागात पोहोचल्यावर तीन साध्या हॉटेलांच्या फलकावरील राइस प्लेटचा दर पाहून ठेवावा. तोच त्या भागाचा पाया धरावा. फोर्टमधला पाया वेगळा, कल्याणचा वेगळा, कोथरूडचा वेगळा. एखादे ताट या पायाच्या दीडपटीपर्यंत असेल आणि त्यात आपल्याला नवी चव मिळणार असेल तर ते घ्यावे. दुपटीच्या पुढे गेल्यास त्या जागेच्या नावाचे पैसे पडत आहेत असे समजावे. अपवाद मासळीचा आणि मटणाचा, कारण त्यांचा कच्चा मालच महाग असतो.

ताट आणि सुटे पदार्थ यांची तुलना करताना हिशेब कागदावर मांडावा. समजा, अमर्यादित ताट १५० रुपयांना आहे आणि शेजारी एक भाजी १८० रुपयांना आणि रोटी २० रुपयांना आहे. एकट्याने एक भाजी आणि तीन रोट्या घेतल्या तर २४० रुपये होतात, त्यावर पाच टक्के जीएसटी धरला की २५२, आणि भात अजून आलेलाच नाही. तेच तिघे असतील आणि दोन भाज्या, नऊ रोट्या, एक भात १०० रुपयांना घेतला तर ६४० आणि करासह ६७२, म्हणजे माणशी २२४. तरीही ताट स्वस्तच पडते. सुट्या पदार्थांचा माणशी खर्च खाली येतो तो चौघे-पाच जण असताना आणि भाजी दोघांना पुरेल एवढी येत असेल तेव्हा. मर्यादित ताट हा मधला मार्ग असून खाणे बेताचे असणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तोच योग्य. मात्र ‘रस्सा एक्स्ट्रा’चे पैसे पडतात की नाही, हे वाढप्याला आधी विचारावे, कारण आपल्याकडे रस्सा पुन्हा मागणे हा हक्क समजला जातो आणि सगळीकडे तसे नसते.

राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी सुरू केलेल्या शिवभोजन थाळीचे केंद्र जवळ असेल आणि चालू असेल तर दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे जेवण १० रुपयांत मिळण्याची ती सोय आहे. दवाखाने, स्टँड आणि शासकीय कार्यालयांच्या आसपास ही केंद्रे उघडली गेली. थाळ्यांची संख्या ठरलेली असल्याने दुपारच्या वेळेच्या सुरुवातीलाच जावे.

अनोळखी पदार्थ मागवताना

नवे खाऊन पाहायचे तर पोट अगदी रिकामे आणि वेळ अगदी कमी, अशा अवस्थेत जाऊ नये. शेजारच्या टेबलावर काय आले आहे ते पाहावे आणि त्याकडे बोट दाखवून नाव व दर विचारावा. नाव वाचून मागवण्यापेक्षा यात फसगत कमी होते. ‘आज काय संपत आले आहे?’ हा प्रश्न वाढप्याला विचारून पाहावा, कारण त्या ठिकाणी जे खरे चालते ते पहिले संपते. हाफ प्लेट मिळत असेल तर दोन वेगवेगळ्या हाफ घ्याव्यात. केरळी ताटातील जाड लालसर भात आपल्याला पहिल्या घासाला अर्धकच्चा वाटतो, तो तसाच असतो. त्यावर मासळीची कढी किंवा सांबार भरपूर घ्यावे. बंगाली जेवणात मोहरीचा झणका नाकात जातो, तर गुजराती डाळीत गूळ असतो. तिला नावे ठेवण्यापूर्वी फरसाणाबरोबर एक वाटी पिऊन पाहावी. मांसाहारी नसलेल्यांनी ‘यात अंडे किंवा मासळी आहे का?’ असे नेमके विचारावे, कारण ‘व्हेज’चा अर्थ प्रांताप्रमाणे सैल होतो.

बिल

बिल आल्यावर तीन ओळी पाहाव्यात. साध्या हॉटेलांत जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दाखवलेला असतो. कंपोझिशन योजनेतील, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या हॉटेलांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, म्हणून बिलावर तसा उल्लेख असूनही कर लावला असेल तर तो काढायला सांगावे. सेवा शुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आपोआप बिलात लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. तेव्हा ते काढण्याची विनंती आवाज न चढवता करावी. मॅनेजर बहुधा मुकाट्याने नवे बिल काढतो, आणि न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिसरी ओळ पाण्याच्या बाटलीची. टेबलावर आधीच ठेवलेली बाटली फोडली की तिचे पैसे पडतात, आणि हॉटेलात बसून पिताना ते छापील किमतीपेक्षा जास्त असू शकतात. साधे पाणी हवे असल्यास बसता बसताच सांगावे आणि बाटली परत न्यायला लावावी. पैसे मोबाइलवरून देणाऱ्यांनी क्यूआर कोड स्कॅन करण्यापूर्वी हे सगळे पाहून घ्यावे, कारण एकदा गेलेली रक्कम काउंटरवरून परत मिळवण्यात गाडीची वेळ निघून जाते.